घाट उतरणाऱ्या घराचे ब्रेक

पुण्याहून रायगडच्या किनाऱ्यावर यायचे तर सह्याद्री उतरावाच लागतो. बोरघाटातून खोपोली, ताम्हिणीतून विळे, वरंध्यातून महाड किंवा आंबेनळीतून पोलादपूर, यांपैकी कोणतीही वाट धरा, थोड्याच अंतरात निदान पाचशे मीटर उंची उतरायची असते. एकट्या मोटारीला ते अवघड नाही. मोटारीच्या मागे अडीच टनांचे चार चाकांचे घर जोडले, की तोच उतार निराळा होतो.

अडीच टनांचा ट्रेलर पाचशे मीटर खाली येतो तेव्हा सुमारे सव्वाबारा मेगाज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा हाच ट्रेलर एकदा पूर्ण थांबवायला साधारण साडेतीनशे किलोज्यूल लागतात. म्हणजे एका घाटाचे काम पस्तीस वेळा करकचून थांबण्याएवढे आहे, आणि तेही मधे गार व्हायला फारशी उसंत न मिळता. यातला काही वाटा हवा, टायर आणि इंजिन खातात. समजा, तिसरा हिस्साच ट्रेलरच्या ब्रेकवर आला. चार ड्रमचे मिळून तीस-बत्तीस किलो बीड धरले आणि वाटेत निघून जाणारी उष्णता सोडून दिली, तर ड्रमचे तापमान पावणेतीनशे अंशांनी वाढते. हेच काम दोनच ड्रमवर टाकले तर वाढ साडेपाचशेच्या घरात जाते. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता काढून नेतो, तरी चारही चाकांना ब्रेक का हवेत, हे या हिशोबातून कळते.

हा प्रश्न आता चर्चेला घ्यायला निमित्त आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या कॅराव्हॅनबरोबर एका किंवा दोन ॲक्सलचे ओढायचे कॅराव्हॅन, तंबूचे ट्रेलर, घडीचे कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर यांचाही विचार आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईकरांना रायगड आणखी जवळ आला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून जाते. किनाऱ्यावर मुक्कामी राहायची हौस वाढली आहे आणि ओढायची घरेही हळूहळू दिसू लागली आहेत. त्यांच्या आतल्या स्वयंपाकघरावर, सोलर पॅनेलवर आणि एसीवर खूप बोलले जाते. ब्रेकची गोष्ट मात्र बहुधा खरेदीनंतर, पहिल्या घाटात निघते.

यामागे आपली सवय आहे. रायगडात ओढून न्यायचे वाहन म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. जांभ्याचे चिरे, खडी, भाताचा पेंढा ती वर्षानुवर्षे वाहते आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली थांबते, ही समजूत त्यातूनच रुजली. ताशी पंधरा-वीसच्या वेगात, सपाट भातखाचरांच्या रस्त्यावर ती खपून जाते. साठच्या वेगात ती खपत नाही. दोन टनांच्या एसयूव्हीमागे अडीच टनांचा बिनब्रेकचा ट्रेलर असेल, तर गाडीच्या त्याच चार चाकांनी साडेचार टन थांबवायचे असतात. थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते, आणि वळणावर मागचे वजन गाडीची शेपटी बाजूला ढकलू लागते. सुकेळी खिंडीत पावसाळी चिखल रस्त्यावर आलेला असताना हे झाले, तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

कायदा या बाबतीत कुठे उभा आहे? अनेक देशांत पाऊण टन हा साधारण उंबरठा मानला जातो. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. ऑस्ट्रेलियाचे नियम मला सर्वांत स्पष्ट वाटतात: ७५० ते २००० किलोपर्यंत निदान एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत, त्याहून जड असेल तर सर्व चाकांना हवेत. शिवाय असा जड ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि निदान पंधरा मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. आपल्याकडेही ट्रेलरचे वजनानुसार टी-१ ते टी-४ असे वर्ग आहेत. टी-१ पाऊण टनापर्यंत आणि टी-२ साडेतीन टनांपर्यंत. मोठा कॅम्पिंग ट्रेलर टी-२ मध्ये येतो.

वर्ग ठरले तरी एक अडचण उरते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. हायलक्स आणि डी-मॅक्स या पिकअपना ऑस्ट्रेलियात बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ७५० किलो आणि ब्रेक असलेल्यासाठी साडेतीन टन अशी मर्यादा आहे. गाडी तीच, पण मागच्याला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत यावर मर्यादा जवळजवळ पाचपट बदलते. तिथला आकडा डोळे मिटून इथे वापरावा असे मी म्हणत नाही. ब्रेकला किती वजन दिले आहे, ते मात्र या दोन आकड्यांतून दिसते.

ब्रेक बदलायचे ठरवले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नजरेआड करू नये. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायला त्यात मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाजू ठामपणे मांडली. जीर्ण भाग बदलून त्याच जातीचा चांगला भाग बसवणे वेगळे, ब्रेकची पद्धतच बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आधी ट्रेलर बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि पेण किंवा पनवेलच्या परिवहन कार्यालयात विचारून मगच हात घालावा. अपघातानंतर विमा कंपनी हेच कागद मागते.

आता पद्धतींकडे येऊ. सर्वांत सोपा रेट्याचा ब्रेक. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, हिचमधली दांडी आत सरकते आणि तिच्या जोरावर केबलने किंवा तेलाने चाकांचे ब्रेक लागतात. युरोपातले बहुतेक कॅराव्हॅन यावरच चालतात. वीज नको, गाडीत वेगळा कंट्रोलर नको, आणि कुठल्याही गाडीला जोडता येतो. हलक्या ट्रेलरला तो उत्तम आहे. आपल्या घाटात मात्र त्याचा दोष वर येतो. लांब उतारावर ट्रेलर सतत पुढे रेटत असतो. चालकाने गिअरवर वेग धरून ठेवला आणि ब्रेकला पायही लावला नाही, तरी मागचे लायनर घासत राहतात. म्हणजे इंजिनाच्या जोरावर ब्रेक गार ठेवायची जी युक्ती आपण घाटात वापरतो, ती इथे अर्धीच लागू पडते. दुसरे असे, की ट्रेलर डुलू लागला तर गाडीला हात न लावता एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावून त्याला सरळ करता येते. रेट्याच्या ब्रेकमध्ये ही सोय नाही. माझ्या मते रायगडात उतरणाऱ्या दोन ॲक्सलच्या ट्रेलरला हा ब्रेक अपुरा आहे.

दुसरा विजेवर चालणारा ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत एक लोहचुंबक असतो. त्यात वीज सोडली की तो फिरत्या ड्रमच्या पाठीला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपल्या दांडीने शू दाबतो. किती वीज सोडायची ते गाडीतला कंट्रोलर ठरवतो. जुन्या, स्वस्त कंट्रोलरमध्ये ब्रेकचा दिवा लागला की ठरावीक गतीने वीज वाढते. चालकाने पेडल हलके दाबले की जोरात, याची त्याला जाण नसते. चांगला कंट्रोलर गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे मोजतो आणि त्याच प्रमाणात ट्रेलरला ब्रेक लावतो. गाडीने ब्रेक न लावता गिअरवर वेग धरला, तर ट्रेलरचे ब्रेक मोकळे आणि गार राहतात. शिवाय हाताने दाबायची कळ असते, ती दाबली की फक्त ट्रेलर धरतो. घाट उतरणाऱ्याला हेच हवे असते.

आकार निवडताना ॲक्सलवरचे भरलेले वजन पाहावे. दहा इंची ड्रम साधारण सोळाशे किलोपर्यंतच्या ॲक्सलचे, बारा इंची त्याहून जड ॲक्सलचे. बारा इंची ड्रम बसायला बहुधा पंधरा इंची रिम लागते, तेव्हा ब्रेक वाढवायचा विचार चाकांपर्यंत जातो. भरलेले वजन म्हणजे पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या आणि माणसांचे सामान धरून. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. वजनकाट्यावर एकदा ट्रेलर भरून चढवावा आणि दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलून घ्यावेत.

या ब्रेकचे दुखणे बहुतेक वेळा तारांत असते, आणि त्याकडे आपले इलेक्ट्रिशियन फार कमी लक्ष देतात. प्रत्येक चुंबक सुमारे तीन अँपिअर घेतो, चार चाकांना बारा. गाडीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत दहा मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन तार वीस मीटर होते. घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर वाटेतच दीड व्होल्टहून जास्त दाब जातो. बारा व्होल्टातले दीड व्होल्ट म्हणजे ब्रेकची आठवा हिस्सा ताकद रस्त्यातच सांडली. सहा चौरस मिलिमीटरची तार हे नुकसान निम्म्याहून खाली आणते. परतीची तार चेसीसवर सोडू नये, स्वतंत्र ओढावी. खाऱ्या हवेत चेसीसचा सांधा गंजला की ब्रेक निम्मा होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अनेकांचा ट्रेलर मोठे ड्रम न बसवता, नुसते वायरिंग बदलून नीट थांबू लागेल. सुधारणा इथूनच सुरू करावी असे माझे ठाम मत आहे.

तिसरी पद्धत विजेने चालवलेल्या तेलाच्या पंपाची आणि डिस्कची. गाडीतल्या त्याच कंट्रोलरच्या इशाऱ्यावर ट्रेलरच्या तोंडाशी बसवलेला पंप तेलाला दाब देतो. ड्रमसाठी हा दाब चौरस इंचाला हजार पौंडांच्या, डिस्कसाठी सोळाशे पौंडांच्या आसपास लागतो. म्हणून पंप घेताना तो कशासाठी आहे हे पाहावेच लागते. ड्रमचा पंप डिस्कला लावला तर ट्रेलर थांबतो आहे असे वाटते आणि थांबत नाही. डिस्कचा मोठा गुण उष्णतेत दिसतो. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पकड ढिली पडते. डिस्क तापली की पॅडच्या दिशेनेच फुगते. डिस्क उघडी असल्याने वारा लागतो, आणि पाणी लागले तर एक-दोन फेऱ्यांत झटकले जाते. अडीच-तीन टनांचा ट्रेलर घेऊन दर महिन्याला ताम्हिणी किंवा बोरघाट उतरणाऱ्याने याच पद्धतीकडे यावे. किंमत जास्त आहे, पंपाला चांगली बॅटरी हवी आणि तेल वेळेवर बदलावे लागते. डॉट-४ ब्रेक ऑइल नवे असताना निदान २३० अंशांना उकळते. हवेतले पाणी शोषून ते जुने झाले की ही मर्यादा दीडशेच्या जवळ येते. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत तेल दरवर्षी बदलावे. कंपनीने दोन वर्षे लिहिली असली तरी मी एकच धरीन.

चौथी हवेच्या ब्रेकची पद्धत कंटेनर ओढणाऱ्यांची आहे आणि पर्यटकाच्या ट्रेलरला ती लागत नाही. तिचे एक तत्त्व मात्र प्रत्येक ट्रेलरला लागू आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेचा हवेचा ब्रेक आणला आणि १८७२ मध्ये तो उलटा केला: नळीत दाब असेतोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक लागलेच. डबे मधेच तुटले तर मागचा भाग स्वतःहून थांबतो. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ चाललेल्या व्हॅक्यूम ब्रेकचेही तत्त्व तेच. रायगड जिल्ह्यातल्या पळसदरी-ठाकूरवाडीच्या बोरघाट रेल्वेमार्गावर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तो १८६३ मध्ये खुला झाला. ताबा सुटलेल्या गाडीला चढावर वळवून थांबवणारे वेगळे रूळ या मार्गाच्या रचनेत आहेत. उतारावर ब्रेक जाऊ शकतो हे गृहीत धरून ती रचना केली आहे.

ट्रेलरमध्ये हे काम सुटका-स्विच करतो. ट्रेलरच्या तोंडाशी एक छोटी बॅटरी आणि एक पिन. पिनेची दोरी गाडीला अडकवलेली. हिच सुटली की पिन निघते आणि ब्रेक लागतात. कित्येक ट्रेलरवर हा स्विच असतो, बॅटरी मात्र मेलेली असते. दोरी हिचच्या गोळ्याला किंवा साखळीला बांधलेली दिसते, तेही चूक आहे. ती गाडीच्या चेसीसलाच हवी. निघण्यापूर्वी पिन ओढून, ट्रेलर हलवून चाके अडकतात का पाहायला अर्धे मिनिट लागते. पाहून झाल्यावर पिन लगेच परत बसवावी, नाहीतर चुंबक तापतात.

२६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ एका कंटेनर ट्रेलरचे ब्रेक निकामी झाले आणि त्याने पुढच्या वीसच्या आसपास गाड्यांना धडक दिली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला. कॅम्पिंग ट्रेलर त्याच्या मानाने लहान असतो, पण त्याच रस्त्यावरून तोच उतार उतरतो, आणि त्याच्यापुढेही कुणाच्या तरी मोटारीत मुले बसलेली असतात. घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली घ्यावा, वेग वाढण्याची वाट पाहू नये. ब्रेक सतत टेकवून न ठेवता जोराने लावावा, वेग उतरवावा आणि पूर्ण सोडावा. मधल्या क्षणांत ड्रम गार होतो.

घाट संपला की दुसरा शत्रू सुरू होतो, तो खार. नागाव, काशीद, दिवेआगर इथे आठवडाभर ट्रेलर उभा राहिला की ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर येतो आणि लायनर ड्रमला चिकटतो. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर हे नक्कीच होते. निघताना चाक फिरत नाही, किंवा झटक्याने सुटते आणि लायनर पट्टीवरून उचकटतो. मुक्कामाच्या जागी सपाटी असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. भाग निवडताना जस्ताचा मुलामा असलेल्या पाठपट्ट्या आणि डिस्क असेल तर गंजरोधक पोलादाची घ्यावी. समुद्राच्या पाण्यात उतरणाऱ्या बोटींच्या ट्रेलरसाठी बनवलेला माल इथे उपयोगी पडतो. पुळणीवर ट्रेलर नेऊच नये. वाळू ड्रममध्ये शिरून लायनर खरवडते. शिवाय हरिहरेश्वर-दिवेआगरच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यांच्या घरट्यांवरून चाके गेलेली कुणालाच नको आहेत.

जंगल जेट्टीचा, म्हणजे गाड्या पार नेणाऱ्या फेरीबोटीचा, विचार ब्रेक निवडताना फारसा कुणी करत नाही. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेसवी अशा ठिकाणी खाडी ओलांडायला गाडी फेरीवर चढवावी लागते. भरती-ओहोटीनुसार उताराचा कोन बदलतो, आणि जागेप्रमाणे गाडी उलटी घ्यावी लागते. रेट्याच्या ब्रेकचा ट्रेलर उलटा चढावर ढकलला की त्याला वाटते गाडी थांबते आहे, आणि तो ब्रेक लावतो. उलट्या दिशेला आपोआप मोकळे होणारे शू असतील तरच तो हलतो. विजेच्या ब्रेकला ही अडचण नाही. डेकवर उडालेले खारे पाणी चाकांत गेलेले असते, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर चारही चाके गोड्या पाण्याने धुवावीत. कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्यांनी वीज आणि सांडपाणी यांच्या जोडीला चाके धुवायचा एक सिमेंटचा ओटा बांधला, तर किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरचे ब्रेक जास्त टिकतील. त्याला खर्चही थोडाच आहे.

यातला निवाडा करताना दुरुस्तीचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. अलिबाग, माणगाव किंवा श्रीवर्धनच्या गॅरेजमध्ये ड्रम उघडणारा, लायनर बदलणारा, बेअरिंगला ग्रीस भरणारा माणूस मिळतो. चुंबक ही त्याला नवी वस्तू असली तरी दोन तारांची आहे; ती मल्टिमीटरने तपासता येते आणि एक जोडी सामानात ठेवता येते. बाहेरून मागवलेला पंप बिघडला तर माल येईपर्यंत ट्रेलर तिथेच उभा राहतो. म्हणून सव्वादोन-अडीच टनांपर्यंतच्या आणि वर्षातून मोजक्या वेळा घाट उतरणाऱ्या ट्रेलरला चारही चाकांना विजेचे ड्रम, जाड तार, मंदावण्याचा वेग मोजणारा कंट्रोलर आणि जिवंत बॅटरीचा सुटका-स्विच, एवढे मला पुरेसे वाटते. त्याहून जड किंवा वारंवार उतरणाऱ्याने डिस्ककडे जावे आणि जादा पंप घरी ठेवायची तयारी ठेवावी.

नवे शू आणि चुंबक बसवल्यावर ते लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी साठवरून तिशीपर्यंत, मधे गार होऊ देत, वीस-तीस वेळा वेग उतरवला की लायनर ड्रमला बसतात. त्यानंतर कंट्रोलरची मात्रा ठरवावी: ताशी चाळीसच्या वेगात हाताची कळ दाबून चाके अडकू लागेपर्यंत वाढवावी, मग जराशी कमी करावी. तीनेकशे किलोमीटर झाले की शूचे अंतर पुन्हा जुळवावे. बेअरिंगला ग्रीस भरताना हात आखडता ठेवावा; सीलबाहेर आलेले ग्रीस लायनरवर गेले की तो लायनर फेकायचाच. घाटाच्या पायथ्याला, विळ्याला किंवा खोपोलीला, पाच मिनिटे थांबून दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने चारही ड्रम पाहावेत. एक गार असेल तर त्याला वीज पोचत नाही, एक बाकीच्यांहून फार गरम असेल तर तो घासतो आहे. पावसाळाभर उभा राहिलेला ट्रेलर दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढाल, तेव्हा चारही ड्रम उघडून, गंज पुसून, लायनर बोटाने पाहून, मग तो रस्त्यावर न्या.